मठवासींच्या शवपेट्या आणि मुक्त बाजाराची कसोटी

अमेरिकेतील उजव्या अर्थविचाराविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात बहुतेक वेळा दोनच मुद्दे पुढे येतात: श्रीमंतांना मिळणारी करसवलत आणि गरिबांच्या योजनांना लागणारी कात्री. रिपब्लिकन पक्षाच्या गेल्या चार दशकांच्या कारभाराकडे पाहिले, तर हे चित्र कोणी कल्पनेतून रंगवले आहे असे म्हणता येत नाही. तरीही मुक्त बाजाराच्या बाजूने अमेरिकेत जे सर्वांत भक्कम युक्तिवाद झाले, ते करांच्या दरांबद्दलचे नसून प्रवेशाबद्दलचे आहेत, असे माझे मत आहे. एखाद्या धंद्यात, हवाई मार्गावर किंवा शहरात नव्याने येऊ पाहणाऱ्याला रोखण्याचा अधिकार सरकारने कोणाला द्यावा, आणि तो अधिकार पुन्हा पुन्हा आधीपासून आत बसलेल्यांच्याच हाती का जातो, हा तो प्रश्न आहे. या प्रश्नावर मी मुक्त बाजाराच्या बाजूचा आहे, आणि त्याच कारणाने अमेरिकेतील उजव्या राजकारणावर माझा राग आहे.

लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लीन्सच्या उत्तरेला, कोव्हिंग्टन गावाजवळ बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा सेंट जोसेफ नावाचा मठ आहे. मठाच्या मालकीच्या जंगलातील लाकूड हे त्यांच्या उत्पन्नाचे एक साधन होते. 2005 साली कट्रिना चक्रीवादळाने त्या झाडांची मोठी हानी केली आणि निर्वाहाचा दुसरा मार्ग शोधणे भाग पडले. मठातील मृत साधूंसाठी साध्या लाकडी शवपेट्या बनवण्याची परंपरा तेथे होतीच. तशाच पेट्या बाहेरच्या लोकांना विकाव्यात असे त्यांनी ठरवले आणि 2007 मध्ये ते काम सुरू केले. थोड्याच दिवसांत राज्याच्या अंत्यविधी व्यवसाय मंडळाने विक्री थांबवण्याचा आदेश दिला. लुइझियानाच्या कायद्यानुसार शवपेटी विकण्याचा अधिकार फक्त परवानाधारक अंत्यविधी संचालकांना होता, आणि तो परवानाधारक आस्थापनेतूनच बजावता येत असे. असे आस्थापन उभारायचे तर 30 माणसे मावतील असे दालन, शवपेट्या मांडून ठेवण्याची खोली, शवलेपनाची (मृतदेह टिकवण्यासाठी त्यावर रसायनांची प्रक्रिया करण्याची) सोय आणि पूर्णवेळ परवानाधारक संचालक, एवढे सगळे हवे होते. साधूंना शवलेपन करायचे नव्हते, अंत्यविधीही चालवायचे नव्हते. त्यांना फक्त लाकडी पेटी विकायची होती.

मंडळाच्या नऊ सदस्यांपैकी आठ जण त्याच व्यवसायातले होते, ही गोष्ट मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. लुइझियानात मृतदेह पेटीत ठेवूनच पुरला पाहिजे असा नियम नव्हता, पेटी कशी बांधलेली असावी याचेही नियम नव्हते, आणि कोणी दुसऱ्या राज्यातून पेटी मागवली तर कायद्याची हरकत नव्हती. म्हणजे ग्राहकाच्या संरक्षणाचा जो हेतू सांगितला जात होता, त्याला खुद्द त्याच कायद्यात आधार नव्हता. स्थानिक विक्रेत्याला दुसऱ्या स्थानिक विक्रेत्याची स्पर्धा होऊ नये, एवढाच त्याचा प्रत्यक्ष परिणाम होता. साधू न्यायालयात गेले. 2011 मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि 2013 मध्ये पाचव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एखाद्या धंद्याला निव्वळ आर्थिक संरक्षण देणे हा सरकारचा वैध उद्देश ठरू शकत नाही, असे अपील न्यायालयाने स्पष्ट केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फेरविचारासाठी घेतला नाही.

हा वाद मात्र तेथे मिटलेला नाही. 2004 मध्ये दहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ओक्लाहोमातील जवळजवळ अशाच कायद्याबाबत नेमका उलटा निर्णय दिला होता. राज्याला एखाद्या स्थानिक उद्योगावर मर्जी दाखवायची असेल, तर राज्यघटना आड येत नाही, असा त्याचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयाने या दोन मतांपैकी बरोबर कोणते हे आजवर सांगितलेले नाही. परंपरावादी विधिज्ञांतही येथे खरी फूट आहे. न्यायाधीशांनी विधिमंडळाच्या आर्थिक निर्णयांत हात घालू नये, हे 1930 च्या दशकानंतर न्यायव्यवस्थेने स्वीकारलेले धोरण त्यांच्यातील अनेकांना प्रिय आहे, कारण न्यायाधीशांच्या मनमानीचा त्यांना धसका आहे. दुसऱ्या गटाला वाटते की पोट भरण्यासाठी प्रामाणिक काम करण्याचा हक्क हा अमेरिकी स्वातंत्र्याचा इतका मूळ भाग आहे, की त्याचे रक्षण न करणारे न्यायालय आपले कर्तव्य टाळत आहे. मला दुसरी बाजू पटते. पण पहिल्या गटाची भीती पोकळ नाही, हेही मान्य केले पाहिजे, कारण जे न्यायालय आज वाईट परवाना रद्द करते तेच उद्या चांगला सुरक्षा-नियम रद्द करू शकते.

1950 च्या दशकात अमेरिकेतील साधारण वीसपैकी एका कामगाराला काम करण्यासाठी सरकारी परवाना लागत असे. आज हे प्रमाण पाचांत एकाहून अधिक आहे. शल्यविशारदाला परवाना लागावा याबद्दल कोणाचे दुमत नाही. परंतु केस विंचरून वेण्या घालणाऱ्या स्त्रियांना अनेक राज्यांत सौंदर्यप्रसाधनाचे शेकडो तासांचे प्रशिक्षण सक्तीचे होते, ज्यात वेणी घालणे शिकवलेच जात नसे. लुइझियानात फुलविक्रेत्यालाही परवाना लागतो. सैन्यातील जवानाची बदली झाली की त्याच्या शिक्षिका किंवा परिचारिका असलेल्या पत्नीला नव्या राज्यात पुन्हा परवान्याच्या रांगेत उभे राहावे लागे. 2015 मध्ये ओबामा यांच्या काळातील व्हाइट हाउसने या परवानापद्धतीवर कडक टीका करणारा अहवाल काढला, आणि 2019 मध्ये ॲरिझोना राज्याने, रिपब्लिकन गव्हर्नर डग ड्यूसी यांच्या कारकिर्दीत, इतर राज्यांचे परवाने सरसकट मान्य करणारा पहिला कायदा केला. एका डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाचे प्रशासन आणि एक रिपब्लिकन गव्हर्नर एकाच निष्कर्षाला आले, हे मला दिलासा देणारे वाटते.

तथापि, प्रवेशाच्या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण विमानसेवेचे आहे, आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. 1938 पासून अमेरिकेत नागरी विमान मंडळ नावाची संस्था होती. कोणत्या कंपनीने कोणत्या दोन शहरांदरम्यान विमान चालवावे आणि तिकिटाला किती पैसे घ्यावेत, हे ही संस्था ठरवत असे. 1950 ते 1974 या काळात या धंद्यात येऊ इच्छिणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांनी 79 अर्ज केले. त्यांपैकी एकही मंजूर झाला नाही. मंडळाचा अधिकार राज्याराज्यांतील उड्डाणांवर होता, एका राज्याच्या आतील उड्डाणांवर नव्हता, आणि या फटीमुळे अमेरिकेला योगायोगाने एक तुलना मिळाली. कॅलिफोर्नियाच्या आत लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को उडणारी कंपनी जे भाडे घेत असे, ते तेवढ्याच अंतराच्या बॉस्टन ते वॉशिंग्टन या नियंत्रित मार्गाच्या भाड्याच्या जवळपास निम्मे होते. टेक्सासमध्ये 1971 पासून डलास आणि ह्यूस्टन यांच्यामध्ये साउथवेस्ट कंपनीने तोच अनुभव दिला. 1975 मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी, त्यांचे तेव्हाचे सहकारी आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले स्टीव्हन ब्रायर यांच्या मदतीने, ज्या सुनावण्या घेतल्या त्यांत ही तुलना देशापुढे आली.

केनेडी डाव्या विचारांचे होते. मंडळाचे अध्यक्ष म्हणून ज्यांनी आतून हे नियंत्रण सैल केले, ते अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड कान डेमोक्रॅट होते. ऑक्टोबर 1978 मध्ये नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर सही करणारे जिमी कार्टर हेही डेमोक्रॅट होते, आणि 1980 मध्ये ट्रकवाहतूक व रेल्वे यांच्यावरील जुनी नियंत्रणे उठवणाऱ्या कायद्यांवर सही त्यांचीच आहे. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या नावावर जे जमा केले जाते, त्यातील बराच भाग त्यांच्या आधीच्या राष्ट्राध्यक्षाचा आहे. आणि विरोधात कोण होते? युनायटेड कंपनीचा अपवाद वगळता मोठ्या विमान कंपन्या, कारण मंडळाने त्यांना स्पर्धेपासून चार दशके वाचवले होते. त्यांची भीती पुढे खरी ठरली. ब्रॅनिफ 1982 मध्ये बुडाली, ईस्टर्न आणि पॅन ॲम 1991 मध्ये बंद पडल्या, टीडब्ल्यूए 2001 मध्ये संपली. दरम्यान अमेरिकी प्रवाशांची संख्या तिपटीहून अधिक झाली आणि महागाई वजा केली तर भाडी बरीच उतरली. बाजाराच्या बाजूने उभे राहणे आणि बड्या कंपन्यांच्या बाजूने उभे राहणे यांत किती अंतर असते, हे बुडालेल्या कंपन्यांच्या या यादीइतके स्वच्छ कुठेच दिसत नाही. नागरी विमान मंडळ तर 1985 च्या आरंभी बरखास्तच झाले, आणि सरकारी संस्थांच्या बाबतीत असे क्वचितच घडते.

या कथेतही एक डाग आहे. विलीनीकरणांनंतर आज चार कंपन्यांकडे देशांतर्गत प्रवासाचा फार मोठा हिस्सा आहे, आणि डावे टीकाकार म्हणतात की स्पर्धेचे वचन पोकळ निघाले. माझे उत्तर असे आहे की दार अर्धेच उघडले गेले. परदेशी कंपनीला अमेरिकेतील दोन शहरांदरम्यान प्रवासी नेण्याची आजही परवानगी नाही, अमेरिकी विमान कंपनीत परदेशी मालकांना 25 टक्क्यांहून अधिक मताधिकार मिळू शकत नाही, आणि गर्दीच्या विमानतळांवरील उड्डाणांच्या वेळा जुन्या कंपन्यांच्या ताब्यात राहतात. ही बंधने उठवण्याची मागणी मुक्त बाजारवादी अर्थतज्ज्ञ करत आले आहेत. रिपब्लिकन पक्षाने ती कधी मनावर घेतली नाही.

पक्ष ती मनावर का घेत नाही, याचे उत्तर अर्थशास्त्राने दिलेले आहे. शिकागोचे अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी 1971 मध्ये असे मांडले की नियमन हे बहुधा त्या त्या उद्योगाने स्वतःसाठी मिळवलेले असते आणि त्याच्याच हितासाठी चालते. ज्याला नियमाचा लाभ होतो तो थोड्या लोकांत एकवटलेला असतो, म्हणून ते संघटित होतात; तोटा मात्र लाखो लोकांत इतका पातळ पसरतो, की त्यासाठी वॉशिंग्टनची वाट धरणे कोणालाच परवडत नाही. साखरेचे धोरण हा याचा नमुना आहे. 1930 च्या दशकात सुरू झालेल्या आणि 1981 च्या शेती कायद्याने आजचे रूप घेतलेल्या या व्यवस्थेत आधारभूत कर्जे, देशांतर्गत विक्रीच्या मर्यादा आणि आयातीचे कोटे असे तीन पदर आहेत, आणि त्यांच्यामुळे अमेरिकेतील साखरेचा भाव कित्येक वर्षे जागतिक भावाच्या दुप्पट राहिला आहे. एका कुटुंबाला वर्षाकाठी त्याचा भार काही डझन डॉलरच पडत असेल. फ्लोरिडातील ऊस आणि मिनेसोटाकडील बीट यांच्या मोजक्या उत्पादकांसाठी मात्र तोच जीवनमरणाचा प्रश्न असतो. मिशिगनच्या हॉलंड गावातला लाइफ सेव्हर्स गोळ्यांचा कारखाना या शतकाच्या सुरुवातीला कॅनडात गेला, जिथे साखर जागतिक भावाने मिळते. त्या गावात गेलेल्या नोकऱ्या साखर उत्पादकांच्या हिशेबात कुठेच धरल्या जात नाहीत.

जोन्स कायद्याची कथा तर शंभर वर्षांहून जुनी आहे. वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर वेस्ली जोन्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1920 च्या या कायद्यानुसार, एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात माल न्यायचा असेल तर जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकी मालकीचे, अमेरिकी ध्वजाखालचे आणि मुख्यतः अमेरिकी खलाशांनी चालवलेले असले पाहिजे. युद्धकाळात देशाकडे स्वतःची जहाजे असावीत, हा उद्देश परंपरावादी माणसाला पटेल असाच आहे. पण शंभर वर्षांच्या संरक्षणानंतर समुद्रगामी अशी जहाजे शंभराहूनही कमी उरली आहेत, कारण अमेरिकी गोदीत बांधलेले जहाज कोरियातील जहाजापेक्षा कित्येक पटींनी महाग पडते. हवाई आणि प्वेर्तो रिको येथील लोक त्याची किंमत दररोज मोजतात. 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिको उद्ध्वस्त झाल्यावर ट्रम्प प्रशासनाला हा कायदा दहा दिवसांपुरता स्थगित करावा लागला, आणि ज्या कायद्याने संकटात मदत अडते तो संकट नसताना काय करत असेल, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. पुढच्याच वर्षी जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, मॅसॅच्युसेट्समध्ये रशियातून निघालेला द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवला गेला. अमेरिका स्वतः हा वायू निर्यात करत होती. परंतु मेक्सिकोच्या आखातातून बॉस्टनला तो आणण्यास जोन्स कायद्यात बसणारे एकही जहाज नव्हते. राष्ट्रीय सुरक्षेसाठी केलेल्या कायद्याचा हा परिणाम पाहिल्यावर त्याचे समर्थन कसे करता येते, ते मला समजत नाही. ॲरिझोनाचे जॉन मकेन आणि युटाचे माइक ली या रिपब्लिकन सिनेटरांनी तो रद्द करण्याचे प्रयत्न केले. त्यांना त्यांच्याच पक्षाची पुरेशी साथ मिळाली नाही.

यानंतर आयात शुल्काकडे वळावे लागते, कारण अमेरिकी उजव्या विचाराची खरी परीक्षा सध्या तेथे चालू आहे. रिपब्लिकन पक्ष जन्मापासून मुक्त व्यापाराचा पुरस्कर्ता होता असा समज चुकीचा आहे. आयात शुल्क वाढवणारा 1930 चा स्मूट-हॉली कायदा रिपब्लिकनांचाच होता, आणि हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी विनंती करूनही राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी त्यावर सही केली. मुक्त व्यापाराची भाषा बोलणाऱ्या रेगन यांनीही 1981 मध्ये जपानला मोटारींची निर्यात 'स्वेच्छेने' मर्यादित करायला लावले. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर पक्षाचा कल हळूहळू खुल्या व्यापाराकडे गेला होता, आणि 2018 पासून तो उलटला. त्या वर्षी पोलादावर 25 टक्के आणि ॲल्युमिनियमवर 10 टक्के शुल्क लागले, आणि त्याआधी जानेवारीत धुलाई यंत्रांवर. 2025 मध्ये तर 1977 च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन जवळजवळ सगळ्या जगाच्या मालावर शुल्क लावले गेले. काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, कर लावण्याचा अधिकार एका माणसाने वापरावा, हे राज्यघटनेचे मूळ शब्द प्रमाण मानणाऱ्या पक्षाने मुकाट्याने पाहिले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

धुलाई यंत्रांचे उदाहरण लहान आहे, पण त्यातून शुल्काची सगळी यंत्रणा दिसते. अर्थतज्ज्ञांनी नंतर तपासले तेव्हा यंत्रांच्या किमती सुमारे 12 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. कपडे वाळवणाऱ्या यंत्रांवर शुल्क नव्हतेच, तरी ती जोडीने विकली जात असल्याने त्यांचेही भाव तितकेच चढले. देशी कंपनीनेही आपले भाव वाढवले, कारण वाढवण्यापासून तिला रोखणारा स्पर्धक आता महाग झाला होता. अमेरिकेत सुमारे 1800 नोकऱ्या निर्माण झाल्या, आणि ग्राहकांवर पडलेला वार्षिक भार सुमारे दीड अब्ज डॉलर. सरकारला मिळालेले शुल्क वजा केले तरी एका नोकरीची किंमत आठ लाख डॉलरहून अधिक झाली. चीनने प्रत्युत्तरादाखल सोयाबीनवर शुल्क लावले तेव्हा अमेरिकी शेतकऱ्यांना भरपाई म्हणून 20 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली. एका हस्तक्षेपाने झालेले नुकसान भरून काढण्यासाठी दुसरा हस्तक्षेप लागतो, हे मुक्त बाजारवाद्यांचे फार जुने निरीक्षण आहे. ते खोडून काढणारे उदाहरण या प्रकरणात तरी मिळत नाही.

मात्र शुल्काच्या समर्थकांचा एक मुद्दा असा आहे की तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2001 मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आल्यानंतर उत्तर कॅरोलिनातील फर्निचर आणि कापडाच्या गावांसारख्या ठिकाणांहून नोकऱ्या गेल्या, आणि मुक्त बाजाराच्या पाठ्यपुस्तकाने सांगितले होते तसे तेथील कामगार उठून दुसऱ्या शहरांत गेले नाहीत. अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन याबाबतीत निर्णायक आहे. दहा वर्षांनंतरही ती गावे सावरली नव्हती. आपण ज्या माणसांना 'जुळवून घ्या' असे सांगितले, त्यांना जुळवून घेता आले नाही, आणि त्यांच्या रागातूनच आजचे शुल्क-राजकारण उभे राहिले आहे. मुक्त व्यापाराच्या पुरस्कर्त्यांनी याचा विचार फार उशिरा केला. 1962 पासून विस्थापित कामगारांसाठी साहाय्य योजना होती, पण ती नेहमीच तोकडी राहिली.

परंतु हा कामगार का हलला नाही, याचा शोध घेतला की मला पुन्हा तीच बंद दारे दिसतात. त्याची आई त्याच गावात होती, तेथेच त्याचे चर्च होते, आणि ही बंधने तोडावीत असे कोणताही परंपरावादी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. मात्र जो जायला तयार होता, त्याच्यासाठी दुसऱ्या राज्यात नवा परवाना लागत होता, आणि त्याहून मोठा अडथळा म्हणजे ज्या शहरांत काम होते तेथे घरभाडे त्याच्या आवाक्याबाहेर होते. सॅन फ्रान्सिस्को किंवा बॉस्टनमध्ये घरे महाग असण्यामागे जमिनीची टंचाई हे एकच कारण नाही. 1926 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात भूवापराच्या निर्बंधांना मान्यता दिल्यापासून, बहुतेक अमेरिकी शहरांनी आपल्या निवासी जमिनीच्या फार मोठ्या भागावर एका कुटुंबाच्या स्वतंत्र घराखेरीज काहीही बांधण्यास मनाई केली आहे. नव्या इमारतीला नकार देण्याचा अधिकार येथेही आधीपासून राहणाऱ्यांच्या हाती आहे, आणि ज्याला तेथे राहायला यायचे आहे त्याला त्या निर्णयात मत नाही.

परंपरावादी आणि मुक्त बाजारवादी हे दोघे एकाच पक्षात नांदत असले तरी एकच नव्हेत, हे येथे सर्वांत ठळकपणे जाणवते. आपल्या गल्लीचे रूप आपण ठरवावे, दूरच्या राजधानीने ठरवू नये, ही परंपरावादी भावना आहे आणि तिच्यात शहाणपण आहे. माझ्या जमिनीवर दोन घरे बांधायची की चार, हे मी ठरवावे, ही मालमत्तेच्या हक्काची भावनाही तितकीच परंपरावादी आहे. 2020 च्या निवडणुकीत ट्रम्प यांनी उपनगरांना 'वाचवण्याची' भाषा केली आणि पहिली भावना उचलली. 2023 मध्ये मोंटाना राज्याच्या रिपब्लिकन विधिमंडळाने आणि गव्हर्नर ग्रेग जियानफोर्टे यांनी दुसरी उचलली. त्यांनी मोठ्या शहरांत एका घराच्या जागी दोन घरांना परवानगी देणारे कायदे केले आणि स्थानिक संस्थांचा नकाराधिकार कमी केला. मला मोंटानाचा मार्ग योग्य वाटतो, कारण स्थानिक सत्ता ही माणसाच्या स्वातंत्र्यासाठी असते, आणि ती त्याच स्वातंत्र्यावर उठते तेव्हा ती जवळची आहे यात काही पुण्य उरत नाही.

सरकारी कर्जाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर दोन्ही पक्षांकडे सांगण्यासारखे फारसे काही नाही. संघ सरकारचे कर्ज 2024 च्या अखेरीस 36 ट्रिलियन डॉलरपलीकडे गेले, आणि 2024 च्या आर्थिक वर्षात व्याजाचा खर्च संरक्षणखर्चाहून अधिक झाला. 2003 मध्ये वृद्धांच्या औषधांची नवी योजना पुरेसा निधी न उभारता आणणारे रिपब्लिकनच होते. 1983 मध्ये मात्र रेगन आणि डेमोक्रॅट सभापती टिप ओनील यांनी मिळून सामाजिक सुरक्षा या निवृत्तिवेतन योजनेचे पूर्ण निवृत्तिवय टप्प्याटप्प्याने 65 वरून 67 वर नेले होते. तसे धैर्य त्यानंतर कोणी दाखवलेले नाही, आणि आता तर उजव्या बाजूचे नेतेही त्या योजनेला हात लावणार नाही अशी ग्वाही देऊन मते मागतात.

एक विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो पैशांपुरता नाही. त्यात रुग्णांचा जीव गुंतलेला आहे. अमेरिकेच्या साधारण 35 राज्यांत नवे रुग्णालय उभारण्यासाठी, खाटा वाढवण्यासाठी, कधी कधी तपासणीचे महागडे यंत्र घेण्यासाठीही, त्याची 'गरज' असल्याचे प्रमाणपत्र राज्याकडून मिळवावे लागते. न्यूयॉर्कने 1964 मध्ये हा कायदा प्रथम केला. 1974 मध्ये काँग्रेसने संघीय निधीची अट घालून तो राज्यांच्या गळ्यात बांधला. जास्त खाटा असल्या की जास्त खर्च होतो, अशी त्यामागची समजूत होती. खर्च आटोक्यात आला नाही, तेव्हा रेगन यांच्या काळात संघ सरकारने ही सक्ती मागे घेतली आणि 1987 पासून राज्ये मोकळी झाली. परंतु बहुतेक राज्यांनी कायदा तसाच ठेवला. अर्जावर सुनावणी होते, त्या सुनावणीत त्या भागातील जुने रुग्णालय वकील घेऊन येते, आणि नव्याची गरज नाही असे सिद्ध करण्याचा प्रयत्न करते. कोव्हिंग्टनच्या साधूंना रोखणाऱ्या मंडळात आणि या सुनावणीत तत्त्वाचा फरक मला दिसत नाही. येथे अडवली जाते ती मात्र प्रसूतिगृहाची किंवा अतिदक्षता विभागाची खाट.

2023 मध्ये दक्षिण कॅरोलिनाने शुश्रूषागृहांचा अपवाद ठेवून हा कायदा बराचसा मोडीत काढला, आणि इतर काही राज्यांत चर्चा चालू आहे. पण अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत विधिमंडळाची दोन्ही सभागृहे एका दशकाहून अधिक काळ रिपब्लिकनांच्या ताब्यात आहेत, गव्हर्नर रिपब्लिकन आहेत, प्रत्येक प्रचारसभेत मुक्त बाजाराचे नाव घेतले जाते, आणि तरीही हा कायदा तेथे उभा आहे. मुक्त बाजारवाद्यांच्या भाषणांत सरकारी हस्तक्षेपाचे उदाहरण म्हणून ज्या कॅलिफोर्नियाचे नाव नेहमी घेतले जाते, त्या राज्यात 1987 पासून असा कायदा नाही. अलाबामातील आमदाराने यापुढे स्वातंत्र्यावर भाषण केले, तर त्याच्या मतदारांनी त्याला पहिला प्रश्न आपल्या जिल्ह्यातील रुग्णालयाबद्दल विचारावा, आणि त्या सुनावणीत जुन्या रुग्णालयाच्या बाजूने तो स्वतः बसला होता का, हेही विचारावे.